गायकर सरांचा हात

गायकर सर मुलींना कोलांट्या-उड्या शिकवायला उभे राहण्याआधी हातातलं घड्याळ काढत, मग लग्नातली अंगठी, मग मनगटावरचा काळा दोरा. हे सगळं माझ्या समोरच्या खोक्यावर, तपासायच्या वह्यांच्या बाजूला ठेवून म्हणत, "बाई, जरा ध्यान ठेवा." मग कोपऱ्यातल्या पिंपाशी जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, टॉवेलनं बोटं कोरडी करायचे आणि शाळेतून आणलेल्या खडूच्या चुऱ्यात तळवे चोळायचे. मला सुरुवातीला फार हसू यायचं. मी विचारायची, "काय सर, आज कुणाचं ऑपरेशन?"

"न्हाय बाई," ते अगदी गंभीरपणे सांगायचे. "ओला हात सटकतो. आंगठी पोरींना लागते."

ध्यान ठेवा असं ते घड्याळाबद्दल म्हणत. मला मात्र तिथं बसवलं होतं ते त्यांच्यावर ध्यान ठेवायला. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मुलींचा सराव चालायचा त्या गोदामात आम्ही इतक्या संध्याकाळी काढल्या तरी हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. आजही सरांची आठवण आली की आधी मला माझ्या खुर्चीची लाज वाटते, आणि मग सर डोळ्यांसमोर येतात.

भिवंडीतल्या आमच्या मराठी शाळेत ते पी.टी. शिकवायचे आणि मी गणित. पी.टी.चे शिक्षक म्हणजे शिट्टी, प्रार्थनेच्या रांगा आणि पंधरा ऑगस्टची कवायत, एवढीच आम्हा बाकीच्यांची समजूत. कुणी रजेवर असलं की त्याचा तास पी.टी.च्या सरांच्या गळ्यात मारायचा, ही शाळेची जुनी रीत. सर कुरकुर न करता जायचे. ठेंगणे, काळेसावळे, मान जवळजवळ नाहीच, आणि डावा गुडघा जरा वाकडा टाकत चालायची सवय. शिक्षकांच्या खोलीत तोंड उघडायचे नाहीत. उघडलं की त्यांच्या गावचं, दिघाशीचं 'हाय' आणि 'न्हाय' बाहेर पडायचं आणि आमच्या मराठीच्या बाई भुवया वर करायच्या. मी भुवया वर केल्या नाहीत, पण हसून घेतलं आहे.

उड्या मारायला ते दिघाशीच्या खळ्यावर शिकले. भाताची झोडणी झाली की पेंढ्याचा ढीग पडायचा, आणि गावची पोरं घराच्या पडवीवरून त्यात उड्या टाकायची. बाकीची पोरं धपकन पडायची. या पोरानं हवेत फिरून पडायचा नाद लावून घेतला. कशाला काय म्हणतात ते पुढं कॉलेजात कळलं. एका वर्षी काकानं पहाटे अर्धा पेंढा गुरांसाठी उपसून नेला होता. यांनी बघितलं नाही आणि वरून उडी टाकली. गुडघा गेला तो तेव्हा.

"काल होता म्हणून आज बी आसल, आसं समजलो," ते सांगायचे. "पेंढ्याचा काय दोष न्हाय त्यात."

म्हणून रोज मुली यायच्या आधी ते सगळ्या गाद्यांवरून गुडघ्यांवर रांगत जायचे आणि तळव्यानं दाबून दाबून बघायचे, कुठं बसली आहे, कुठं फुगली आहे. त्या गाद्यांचीही गंमतच. खऱ्या मॅट आणायची शाळेची ऐपत नव्हती. सरांनी कुठून कुठून गोणपाट गोळा केला आणि लूमचं वाया गेलेलं सूत मागत कारखान्या-कारखान्यांतून हिंडले. एकदा मीही बरोबर होते. इस्माईलभाई म्हणून एक कारखानदार होते, पांढरी दाढी, लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय जडलेले.

"मास्टर, ये कचरा ले के क्या करोगे?"

"बच्चियाँ गिरेंगी चाचा, इस पे."

"या अल्ला! गिराने को ले जा रहे हो?"

"गिरना सिखाने को," सर म्हणाले. "पहिले वोच सिखाना पडता है."

इस्माईलभाईंनी टेम्पो भरून सूत दिलं. पुढं दर ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि सोबत निरोप असायचा, बच्चियाँ ठीक से गिर रही हैं ना?

सरांचं शिकवणं मला गणितासारखं वाटायचं, आणि मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते घाबरले, कारण गणितात ते शाळेत नापास झाले होते. साधी कोलांटीसुद्धा ते सपाटीवर शिकवत नसत. आधी एक फळी पोत्यांवर तिरकी ठेवायची, तिच्यावर गादी, आणि मुलीला उतारावरून गडगडत सोडायचं. उतारावर अंग आपोआप वळतं, भीती कमी वाटते. ते जमलं की एक पोतं काढायचं. पुन्हा तेच. पुन्हा एक पोतं काढायचं. शेवटी फळी जमिनीला टेकलेली असायची आणि मुलीला कळायचंही नाही की ती आता सपाटीवर कोलांटी मारते आहे. जी मुलगी अडायची तिला ते खाली घ्यायचे, ओरडायचे नाहीत. ओरडायचे घाई करणाऱ्या मुलीवर.

"अडणारी बरी," ते म्हणायचे. "ती कुठं हाय ते तिला ठावं आसतं. घाईवालीला न्हाय ठावं."

ही घाईवाली म्हणजे वैशाली. नववीतली, वडपे गावची. आई हायवेजवळच्या गोदामात खोकी पॅक करायच्या कामाला, वडील दुसऱ्यांचा टेम्पो चालवायचे. वैशाली माझ्या गणितात जेमतेम पास व्हायची, पण हातावर उलटी उभी राहिली की खांबासारखी ताठ. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते मी वर्गात कधी पाहिलं नाही. तिला सगळं आजच हवं असायचं. सर तिला भिंतीला पाठ लावून उभं करत आणि भिंतीवर हात टेकत टेकत मागं कमान करत खाली उतरायला लावत. ती वैतागायची.

"सर, किती दिस भिंत?"

"भिंत तुला सोडंल तवा."

तेव्हा भिवंडीजवळच्या दापोड्याला शेतं भरभर गोदामं होत होती. जिथं कालपर्यंत भात होता तिथं पत्र्याचं शेड आणि समोर ट्रकची रांग. पद्माकर शेठ म्हणून तिथले एक जमीनवाले. त्यांच्या एका गोदामाचा गाळा भाडेकरू मिळेपर्यंत रिकामा होता. तो त्यांनी सरांना वापरायला दिला. माणूस दिलदार. पण शाळेपासून लांब, आडबाजूला, मुली अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत, आणि शिकवणारा पुरुष. पालकांची सभा झाली तेव्हा एक बाप उठला आणि म्हणाला, "पोरी उलट्यासुलट्या व्हणार, मास्तर हात लावणार. आमच्यात नाय चालत." मग हेडमास्तरांनी लगेच तोड काढली, "पाटकर बाई रोज तिथं बसतील." सगळ्यांच्या माना हलल्या. सर मागच्या भिंतीशी हात जोडून उभे होते. त्यांचे कान तेवढे लाल झालेले मला दिसले.

दुसऱ्या दिवशी मी गोदामात गेले तर सरांनी माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, फडक्यानं पुसून. ती एका जागी ठेवली, मग मागं जाऊन बघितली, मग सरकवली.

"इथं बसा बाई," ते म्हणाले. "इथून समदं दिसतं."

मला त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मी बसले. वह्या काढल्या. आणि रोज तिथूनच मला सगळं दिसत राहिलं.

सगळं म्हणजे मुख्यतः त्यांचा हात. मागच्या उडीला तो लागायचा. मुलीनं उभ्या-उभ्या स्वतःला मागं झोकून द्यायचं, हात जमिनीवर, पाय डोक्यावरून, आणि पुन्हा उभं. जीव घाबरा व्हावा अशीच गोष्ट. भिंत झाली, मग सरांनी केमिकलचं प्लॅस्टिकचं पिंप जुन्या कापडानं गुंडाळून आणलं. त्याच्यावर पाठ टाकून मागं लोळायचं. पिंप झालं की हात. सर बाजूला गुडघा टेकून बसायचे आणि उजवा पंजा मुलीच्या कमरेमागं धरायचे. आधी सगळा पंजा. काही आठवड्यांनी नुसती बोटं. मग दोनच बोटं. मग हात नुसता तिथं, अंगाला न लागता. आणि मग एक दिवस नाही.

मी त्या हाताकडे पुष्कळ बघितलं आहे. बघण्यासाठीच नेमलेली होते ना! सुरुवातीला मी खरोखर डोळ्यांत तेल घालून बघितलं, हे सांगायला आज जीभ अडखळते. त्या हातात काही नव्हतं. उतू जाणाऱ्या दुधाकडे बाई जशी बघते तसं त्यांचं सगळं लक्ष त्या पंजात उतरलेलं असायचं. मुलगी कोण, कशी, कुणाची, याचा त्याला पत्ता नसायचा.

"हात द्यायला अक्कल लागत न्हाय," ते एकदा मला म्हणाले, वैशाली पाणी प्यायला गेली असताना. "काढायला लागते. लवकर काढला तर पोर पडती. उशिरा काढला तर ती त्या हातावरच उभी ऱ्हाते जन्मभर."

पाऊस संपून दसरा झाला की ठाण्याला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा असायच्या. मागची उडी नसेल तर नाव पाठवण्यात अर्थ नव्हता, आणि वैशालीनं मनाशी घेतलं होतं की यंदा आपण जायचंच. त्यांच्या घरातून कुणी कशाला ठाण्याला गेलेलं नव्हतं, दवाखाना सोडून. सरांनीही घेतलं असावं मनावर. एरवी तिला त्यांनी इतका वेळ भिंतीशी ठेवलंच नसतं.

अक्षय तृतीयेला पद्माकर शेठांच्या नव्या गोदामाची पूजा होती. शेठ आधीच सांगून गेले, "सर, पोरींचं कायतरी दाखवा की. मोठे मोठे पाव्हणे येनार हायेत. कोनतरी मॅट दील घेऊन." सरांना ते फारसं रुचलं नाही. खरी मॅट मात्र हवी होती. मुली तर नाचायलाच लागल्या. सर म्हणाले, "वैशालीची उडी न्हाय दाखवायची. ती आजून बोटांवर हाय."

"पन सर, तुमचा हात हायच ना!" वैशाली म्हणाली.

सर हसले. "तो हाय," म्हणाले.

पूजा झाली. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पाहुणे, हातात शिऱ्याच्या प्लेटी. पुढं शेठांच्या घरच्या बायका, दागिन्यांनी भरलेल्या. मागं तरुण पोरांचा घोळका, नवे मोबाइल मिरवत उभा. गाद्या आम्ही टेम्पोतून तिथं नेल्या होत्या आणि सर सकाळीच त्यांच्यावरून रांगून आले होते. लहान मुलींनी कोलांट्या मारल्या, कमानी केल्या, एकीवर एक उभ्या राहिल्या. टाळ्या पडल्या. मी बायकांच्या ओळीत, प्लेट मांडीवर घेऊन, जरा अभिमानानंच बसले होते.

मग वैशाली आली. सर तिच्या बाजूला रोजच्यासारखा गुडघा टेकून बसले आणि उजवा हात तिच्या कमरेमागं नेला. वैशालीनं हात वर केले.

मागून एक पोरगा ओरडला, "मास्तरची चैन हाय रं बाबा!"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "आमाला बी ठेवा की कामाला!" पुढच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. शेठ मागं वळून "ए, गप रं" म्हणाले, पण त्यांच्याही ओठांवर हसू होतं. आणि मी खाली शिऱ्याकडे बघितलं. मी ज्यासाठी तिथं होते, जिला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं की त्या हातात काही नाही, त्या मी मान खाली घातली.

वैशालीनं तोवर स्वतःला झोकून दिलं होतं. मी मान वर केली तेव्हा सरांचा हात तव्याला लागल्यासारखा मागं आलेला होता.

ती कोपरावर पडली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

रिक्षात ती माझ्या अंगावर रेलून बसली होती. रडत नव्हती. दापोड्याच्या खड्ड्यांतून रिक्षा उडत होती, प्रत्येक हिसक्याला तिचा श्वास अडकायचा. सर पुढं ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लटकलेले.

"बाई," ती हळूच म्हणाली, "सरांनी हात काढला."

"चुकून झालं गं."

"चुकून न्हाय. काढला." मग थोड्या वेळानं, "माझे कपडे नीट नव्हते का?"

मी तिला गप्प राहायला सांगितलं. तिला बोलू नको म्हणाले, त्रास होईल म्हणाले. पुढं सरांची पाठ दिसत होती, आणि त्यांनी हे ऐकलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही.

हाड मोडलं होतं. प्लॅस्टर घातलं. संध्याकाळी सर वडप्याला तिच्या घरी गेले आणि मी त्यांच्याबरोबर गेले. वैशालीची आई नुकतीच ड्युटीवरून आलेली, हातांना खोक्यांच्या चिकटपट्टीचा गोंद. तिनं आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"आसू द्या सर," ती म्हणाली. "तुमचा हात हाय म्हणून तर पाठवते मी पोरीला. चुकला येखाद टाइम."

"चुकला न्हाय," सर उभेच होते. "मी काढला."

"का?"

 सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या ग्लासाकडे बघितलं. शेवटी ते म्हणाले, "लोक बसले होते."

गोदामात पुरुषांच्या मध्ये दिवसभर काम करणारी बाई ती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती आवाज न चढवता म्हणाली, "म्हंजे लाज वाटली तुमाला, आन् हाड मोडलं माझ्या पोरीचं?"

 बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेनं आम्ही बराच वेळ चालत होतो. हायवेवरून कंटेनर जात होते, बोलायची सोय नव्हती, आणि बरं झालं नव्हती. तिच्या त्या वाक्यात माझाही वाटा आहे हे मला चालताना कळत होतं.

त्यानंतर सर हात द्यायचे बंद झाले. शाळा सुरू झाली, पाऊस सुरू झाला, मुली येत राहिल्या. सर येऊन गाद्या दाबून बघायचे, खडू चोळायचे, आणि हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. कोलांटी, कमान, भिंत. त्याच्या पुढं कुणीच नाही. जिथं हात लागायचा तिथं ते म्हणायचे, "आज नको. आज पुन्हा खालचंच." मुलींना कळेना आपलं काय बिघडलं. मी खुर्चीत बसून वह्या तपासायची आणि उत्तर बरोबर असलं तरी दोनदा वाचायची.

श्रावणात वैशाली परत आली. कोपर जरा आखडलेलं, पण भरून आलेलं. तिनं आपल्या नेहमीच्या कपड्यांवर भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, मांडीपर्यंत लांब, आणि खाली दोन पायांच्या मध्ये पिना लावल्या होत्या. ती कमान करायला वाकली तर आधी शर्ट ओढायची. धावली तर शर्ट धरून धावायची. हातावर उभी राहिली तर पिना सुटल्या, शर्ट तोंडावर आला, आणि ती घाबरून धाडकन खाली आली.

"काढून ठेव तो," सर म्हणाले. "डोळ्यांवर येतो. पडशील."

"नको सर."

"कोन काय बोललं का तुला?"

"कोन न्हाय," ती म्हणाली आणि पिना लावत बसली.

आठवडा गेला असेल. धाकट्या मुलींपैकी एक शर्ट घेऊन आली. मग दुसरी. बघता बघता गोदामात सगळ्या बापाभावांचे शर्ट. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पाचवीतली एवढीशी पोर कोलांटी मारून उठली की आधी दोन्ही हातांनी शर्ट खाली ओढायची आणि मग सरळ उभी राहायची. सर हे बघत होते. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. लोकांची ती दोन वाक्यं गोदामाच्या दारातच राहिली असती. ती या पोरींच्या अंगावर कुणी आणून घातली, हे त्यांना कळलं होतं.

मग एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना गादीवर बसवलं. पावसानं पत्रा वाजत होता, त्यामुळं त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं, आणि मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"त्या दिशी लोक हसले," ते म्हणाले. "मला लाज वाटली. म्हणून मी हात काढला. ती लाज माझी होती. तुमची कुणाची न्हाय. वैशाली, तुझी उडी बराबर होती. कपडे बराबर होते. तुझं काय बी चुकलं न्हवतं. चुकलं ते माझं." मग म्हणाले, "हे मी तवाच बोलायला पायजे होतं. आता बोलतो."

 पाचवीतल्या त्या पोरीनं विचारलं, "मग सर, शर्ट काढायचा?"

"तुमच्या मनावर," सर म्हणाले. "मी न्हाय सांगनार."

एकदोघींनी काढले. वैशालीनं नाही काढला. सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, हात पाठीमागंच. इतक्या वर्षांत त्यांनी हात देताना कुणाला विचारलं नव्हतं. ती विचारायची गोष्टच नव्हती. त्या दिवशी विचारलं.

"हात देऊ?"

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. पूर्वी ती उडीआधी कधी माझ्या खुर्चीकडे बघत नसे; मी तिथं आहे हे ती विसरलेली असायची. आता तिला माझी आठवण होती.

"नको सर," ती म्हणाली. "बाई देतील."

सरांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. जणू तिनं वही मागितली होती. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पदर खोचा."

मी गणिताची बाई, चाळिशी उलटलेली, वाकले की कंबर धरणारी. पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं? सरांनी मलाही खालूनच सुरुवात करायला लावली. आधी उतारावरच्या कोलांटीला मानेमागं हात. मग कमानीला. मग पिंपावर. धाकट्या मुली माझ्या हातातून गडगडल्या, एकदोघी माझ्या पायावर पडल्या आणि खूप हसल्या. सर लांबून सांगायचे.

"उचलू नका बाई. पोर आपून उडते. तुमी नुसतं सांगायचं, मी हाय."

"पंजा सरळ. बोटं नका रोवू."

"घाबरू नका. तुमी घाबरलात तर तिला हातातून कळतं."

गणपती गेले, नवरात्र आलं. मला पंजा जमला, मग बोटं जमली. हे शिकवताना ते कधी माझ्या जवळ आले नाहीत. जे दाखवायचं ते हवेत दाखवलं. माझ्या हाताला काहीही येत नव्हतं, आणि तरी तो कुणालाही चालत होता. कुणी बाप सभेत उठला नसता, मागून कुणी पोरगा ओरडला नसता. या विचारानं माझा तळवा घामानं ओला व्हायचा आणि मला पुन्हा पुन्हा जाऊन तो पुसावा लागायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाऊस उघडला होता. शटर अर्धं वर होतं, आत उजेड होता. वैशाली गादीवर उभी राहिली, शर्ट पिनांनी नीट लावलेला. मी बाजूला गुडघा टेकला. सर लांब, लोखंडी खांबाजवळ उभे राहिले.

"आज बाई हात काढतील," ते तिला म्हणाले. "मी सांगंन तवा. चालंल?"

"चालंल," ती म्हणाली.

तिनं हात वर केले आणि स्वतःला मागं झोकलं. माझ्या बोटांना तिची पाठ लागली, तिचं वजन आलं, आणि मला काही कळायच्या आत सर ओरडले, "काढा!" मी हात काढला. तिचे तळवे गादीवर पडले, पाय डोक्यावरून गेले, आणि ती दोन्ही पायांवर उभी राहिली. जराही न डगमगता. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, तोंडभर हसली, आणि मग सर कुठं आहेत म्हणून मान वळवली. मीही वळवली.

सर खांबाशी होते, पण उभे नव्हते. एक गुडघा जमिनीला टेकलेला, आणि उजवा पंजा हवेत, मुलीच्या कमरेच्या उंचीवर, उघडा. त्याच्या आसपास कुणीही नव्हतं. माझा हात मी केव्हाच काढला होता. त्यांनी त्यांचा अजून काढला नव्हता.